तीस सेकंदांत न मावलेलं ‘न्हाय’

गोडदेव नाक्यावरून स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षात मधली जागा माझ्या नशिबी ठरलेली असते. त्या सकाळीही तसंच झालं. उजवीकडे एक काकू आणि त्यांच्या मांडीवर मेथीच्या चार जुड्या, डावीकडे तो. मेथीबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण हा माणूस बोटातल्या अंगठीने रिक्षाच्या दांडीवर ताल धरून बसला होता आणि सिग्नलला रिक्षा थांबली तरी त्याचा ताल थांबेना. वर गुणगुणणं. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, अगदी माझ्या कानाशी.

“हे जरा बंद कराल का?” शेवटी मी म्हटलं.

“त्रास होतोय?”

“ताल चुकतोय.” मला तालातलं ओ की ठो कळत नाही. केवळ रागाने तोंडाला आलं ते बोलले.

तो चक्क विचारात पडला. दांडीवर पुन्हा दोनदा वाजवून बघितलं, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला, “बरोबर हाय तुमचं. दुसरी मात्रा घाईत पडते. गाता का तुम्ही?”

“नाही. मी फक्त वैतागते.”

तो हसला. पुढच्या दोन दातांत बारीकशी फट होती त्याच्या. एवढ्या सकाळी, एवढ्या गर्दीत, एका अनोळखी माणसाच्या दातांतली फट मला का दिसावी… याचाच मला जास्त राग आला. स्टेशन आल्यावर मागे वळून न बघता मी पूल चढले.

तासाभराने तोच माणूस आमच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोर उभा होता. हातात पेन ड्राइव्ह. मला बघून त्याने अंगठीचा हात खिशात घातला आणि म्हणाला, “मॅडम, मात्रा दुरुस्त केलीय. वाटेतच.”

आमची कंपनी म्हणजे भाईंदर पश्चिमेला स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावरच्या तीन खोल्या, एक एसी आणि पराग सर. छोट्या गायकांची गाणी सगळ्या म्युझिक अ‍ॅपवर पोचवायची, हा आमचा धंदा, आणि पोचवणारी मी. पूर्ण गाणं शुक्रवारी येणार असेल तर त्याच्या आठ दिवस आधी गाण्याचा एक तुकडा छोट्या व्हिडिओंच्या अ‍ॅपवर जातो. लोक त्यावर नाचतात, रडतात, भाजी चिरतात, आणि गाणं यायच्या आधीच ते सगळ्यांच्या तोंडी बसलेलं असतं. तुकडा तीस सेकंदांचा. तो कितव्या सेकंदाला सुरू करायचा तेवढं फॉर्ममध्ये मी भरायचं. तीस सेकंद झाले की अ‍ॅप आपणहून कात्री लावतं; गाणारा ओळीच्या मध्यात आहे की शब्दाच्या, ते बघत नाही.

त्याचं नाव भूपेश. खारी गावातला. एकेकाळी त्यांची भातशेती होती, घरातले मिठागरावरही राबायचे. आता गावाला चहूबाजूंनी सात-सात मजली इमारतींनी वेढलंय आणि हा एका शाळेत संगीत शिकवतो, हळदीच्या कार्यक्रमांना बँडमध्ये गातो. स्वतःच्या नावावरचं हे त्याचं पहिलंच गाणं. ते मला आवडलं होतं, हे मी त्याला मुद्दामच सांगितलं नाही. त्यातल्या तीन ओळी तुकड्यासाठी ठरल्या होत्या:

बांधावरती चांद उतरला, हाताला तुझ्या खार,
येशील म्हनून उघडं ठेवलं अजून घराचं दार,
सगल्या गावाला इसरलो मी, तुला इसरलो न्हाय.

एक मिनिट बाराव्या सेकंदापासून सुरुवात केली की शेवटचं ‘न्हाय’ बरोब्बर तिसाव्या सेकंदाला संपायचं. इतकं साधं काम. ते पाच आठवडे चाललं.

कारण भूपेशला त्याची फाइल कधीच पसंत पडायची नाही. आधी आली ‘फायनल’. मग ‘फायनल दोन’. मग ‘एकदम फायनल’. कधी ढोलकी मोठी वाटायची, कधी स्वतःचा श्वास ऐकू यायचा. दर वेळी फाइल घेऊन हा स्वतः हजर. मेलवर पाठवा म्हटलं तर म्हणे, खारीत नेट स्लो हाय. खारीतलं नेट आमच्या ऑफिसपेक्षा चांगलं आहे, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. तरी मी दर वेळी एक खुर्ची ओढून द्यायचे. आम्ही एकेक हेडफोन लावून पूर्ण गाणं ऐकायचो. ‘तुला इसरलो न्हाय’ आलं की तो डोळे मिटून घ्यायचा. ऐकून झालं की माझ्या कानावरचा हेडफोन तो स्वतः काढायचा, केसांतली पिन अडकू नये म्हणून आधी तिला बोटाने बाजूला करायचा. ते एवढं हळू करायचा की मला त्याच्यावर ओरडायचं असायचं ते राहूनच जायचं.

मी त्याच्या प्रेमात पडले, आता सरळच सांगते. पडले आणि त्याबद्दल प्रचंड वैतागले. ज्याच्या चौथ्या फाइलने आपला जेवणाचा डबा गार होतो त्याच्या पाचव्या फाइलची वाट बघणं याला काय म्हणावं?

एकदा खालच्या टपरीवर चहा पिताना मी त्याला सहजच विचारल्यासारखं विचारलं, की हे गाणं कुणासाठी लिहिलं. त्याने ग्लास फिरवला. समोरच्या भांड्यांच्या दुकानाकडे बघत राहिला.

“हाय एक मानूस,” तो म्हणाला. मग ग्लास खाली ठेवत, “आता भेट व्हत न्हाय.”

पुढे मी काही विचारलं नाही. ओळी तर पाठ होत्या. चंद्र, बांध, उघडं दार, आणि ती खारट हातांची कोण ती. कोळंबी सोलणारी असेल नाहीतर समुद्रात पोहणारी असेल. बोलणं बंद झालं तरी न विसरलेली. मी चहा अर्धा टाकला आणि त्याला म्हटलं, पुढची फाइल मेलवर पाठवा, मला कामं असतात.

त्याने ती खरंच मेलवर पाठवली. बुधवारी संध्याकाळी, तुकडा पोचवायची मुदत संपायला अर्धा तास असताना. फाइलचं नाव ‘आईशप्पथ फायनल’. खाली लिहिलं होतं: सुरुवातीला मीठ ओढायचा आवाज घातलाय, नक्की ऐका. मी नाही ऐकला. कशाला ऐकायचं? तिच्या आठवणीत आता मीठसुद्धा ओढणार होता हा. मी नवी फाइल चढवली, एक मिनिट बारावा सेकंद भरला आणि घरी गेले.

मीठ ओढायचा तो आवाज दोन सेकंदांचा होता. म्हणजे सगळं गाणं दोन सेकंद पुढे सरकलं होतं आणि माझा बारावा सेकंद जागच्या जागी होता. गुरुवारी तुकडा अ‍ॅपवर आला. ‘सगल्या गावाला इसरलो मी, तुला इसरलो’ — आणि कात्री.

मराठीत ‘नाही’ शेवटी येतं, त्याला मी काय करू?

शनिवारपर्यंत त्या तुकड्यावर हजारो व्हिडिओ झाले होते. कुणी जुन्या मैत्रिणीचे फोटो फाडत होतं, कुणी नंबर ब्लॉक करत होतं. एका बाईने सासरहून आणलेला मिक्सर भंगारवाल्याला दिला आणि मागे भूपेश गात होता, तुला इसरलो. लोकांना विसरायला एवढी घाई आहे, हे मला माहीत नव्हतं. पराग सरांनी पेढे आणले. मी पेढा हातात धरून बसले होते तेवढ्यात भूपेश आला. दाढी वाढलेली, शर्टाची वरची गुंडी चुकलेली.

“मॅडम,” तो म्हणाला, “न्हाय कुठं गेला?”

“काय नाही?”

“तेच. त्याच्यात ‘न्हाय’च न्हाय.”

मी हेडफोन लावला, ऐकलं आणि पेढा खाली ठेवला. मग आम्ही भांडलो. मुदतीला अर्धा तास असताना फाइल बदलायची कशाला, हे माझं म्हणणं. नक्की ऐका असं लिहिलं होतं ते का ऐकलं नाही, हे त्याचं. फाइल लांबली हे सांगायचं कुणी? मग फाइल लांब आहे की आखूड ते बघायचं कुणी? दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण संपेना. शेवटी मीच म्हटलं की चूक माझी, मला ऐकायला हवं होतं. न ऐकण्याचं खरं कारण मात्र मी सांगितलं नाही.

तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “घरी बोलत न्हायत माझ्याशी. परवापास्नं.”

म्हणजे ती घरच्यांनाही पसंत असलेली मुलगी होती. आणखी छान. मी त्याला म्हटलं, पूर्ण गाणं शुक्रवारी येतंय, त्यात ‘न्हाय’ असेल, घरच्यांना तेवढं थांबायला सांगा.

सोमवारी पराग सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं ठरलं होतं. पूर्ण गाण्यातूनही ‘न्हाय’ काढायचं, तीन वेळा येतं ते तिन्ही वेळा. पब्लिकला विसरायचंय, निशिगंधा, आपण कोण आठवण करून देणारे, असं ते म्हणाले. गाण्याची शेवटची काटछाट कंपनीच्या हातात, हे भूपेशने सही केलेल्या कागदावर होतंच. त्याला आधी सांगायची गरज नाही. बुधवारी संध्याकाळी फाइल पोचवून टाक, म्हणाले.

सरांच्या माणसाने कापलेली फाइल दुपारपर्यंत माझ्या कॉम्प्युटरवर आली. आता शेजारी शेजारी दोन फायली होत्या. एकीत तो कुणाला तरी विसरला नव्हता. दुसरीत तो सगळ्यांना विसरला होता, तिलासुद्धा. मी दोन्ही ऐकल्या. खोटं कशाला सांगू, कापलेली फाइल ऐकताना मला बरं वाटलं. एक दोन अक्षरी शब्द गेला की खारट हातांची ती मुलगी गाण्यातून जाणार होती. भूपेश चिडला असता, सरांना शिव्या दिल्या असत्या, माझ्याकडे येऊन रडला असता. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त सांगितलेलं काम करायचं होतं.

मग मला त्याचे मिटलेले डोळे आठवले. पाच आठवडे हा माणूस त्या एका ओळीसाठी स्वतःचा श्वास पुसत बसला होता. ती ओळ माझी नव्हती म्हणून काय ती मोडायची? मला स्वतःचाच एवढा राग आला की मी तशीच उठून केबिनमध्ये गेले.

सरांशी मी पाऊण तास वाद घातला. मी म्हटलं, नाव त्याचं आहे, शब्द त्याचे आहेत, ‘न्हाय’ काढून पाठवायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवायला सांगा. सर म्हणाले, दुसरं कुणाला येतं ते? मी म्हटलं, तेच तर. पुढे असंही सांगितलं की मी आधीचा तुकडाही मागे घेणार आहे आणि ‘न्हाय’सकट नवा देणार आहे. तुकडा मागे घेतला की त्यावरचे सगळे व्हिडिओ मुके होतात, हे सरांना माहीत होतं. त्यांनी डोक्याला हात लावला. पेढ्यांचा उरलेला डबा त्यांनी कपाटात ठेवून दिला आणि म्हणाले, कर काय करायचं ते, पण लोकांचे मेल येतील त्यांना उत्तरं तू द्यायची.

आले. चारशे अकरा मेल आले. मिक्सरवाल्या बाईंनी तर तीन पाठवले. मी प्रत्येकाला लिहिलं, की गाण्याचा एक शब्द आमच्या चुकीने सुटला होता, तो परत जागेवर ठेवला आहे. भूपेशला यातलं सगळं आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीकडून कळलं. मी स्वतः त्याला एवढंच कळवलं की गाणं शुक्रवारी दुपारी बारा वाजता येईल, पूर्ण. त्याचं उत्तर आलं: तुम्ही या खारीला, घरी. सगल्यांनी एकदम आयकायचंय.

सगळ्यांनी. म्हणजे तीही असणार. मी नाही म्हणणार होते. मग म्हटलं, बघून तरी येऊ, जिच्यासाठी चारशे अकरा मेल लिहिले ती आहे तरी कशी. चांगला हिरवा कुर्ता घातला, तो इस्त्री करताना हाताला चटका लावून घेतला आणि हाफ डे टाकून गेले.

दोन टोलेजंग इमारतींच्या मधल्या गल्लीत त्याचं बैठं घर होतं. ओट्यावर सुकट वाळत घातलेली. दारात एक बाई उभ्या होत्या, काष्टा नेसलेल्या, हातावर हिरवं गोंदण. भूपेशची आई, जिजाबाई. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं. मी खोलीभर नजर फिरवली. भूपेश, त्याची आई आणि मी. चौथं कुणी नव्हतं. येईल, म्हटलं, नटत असेल.

बारा वाजले. भूपेशने फोन छोट्या स्पीकरला जोडला. आधी तो आवाज आला, जो मी ऐकला नव्हता: ओल्या मिठावरून लाकूड ओढल्यासारखा, खर्रर. जिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. गाणं पुढे गेलं, बांध आला, चांद आला, उघडं दार आलं. मग तुला इसरलो न्हाय. पूर्ण.

गाणं संपल्यावर भूपेश उठला आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. फोटोत मिठागराच्या बांधावर उभा असलेला एक काळासावळा माणूस होता, उघडा, हातात लांब दांड्याचं लाकडी ओढणं. दोन दातांत बारीक फट.

“बा, आयकलास ना?” भूपेश म्हणाला. “तुला इसरलो न्हाय.”

मी तिथेच पाटावर बसले.

आमच्या घरात बाबांना ‘तुम्ही’ म्हणतात. आजोबांनाही, काकांनाही. परळहून भाईंदरला आलो तेव्हा घर बदललं, ‘तुम्ही’ काही बदललं नाही. त्यामुळे ‘तुला’ म्हटलं की ती मुलगीच, दुसरं काही माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. यांच्या घरात बापाला ‘तू’ म्हणतात. हरिश्चंद्र त्यांचं नाव. मिठागरावर तीस वर्षं काढली, तीन वर्षांपूर्वी गेले. जिजाबाई मला सांगू लागल्या, की पोराने गाणं आधी घरी गाऊन दाखवलं होतं, तेव्हा त्या दिवसभर रडल्या होत्या. आणि मग गेल्या आठवड्यात शेजारच्या खिडकीतून, दुधवाल्याच्या फोनवरून, जिकडेतिकडे तेच गाणं वाजायला लागलं आणि त्यात पोरगं बापाला सांगत होतं की तुला इसरलो. आठ दिवस त्यांनी त्याला जेवण वाढलं, पण तोंडाकडे बघितलं नाही. एवढं सांगून त्यांनी भूपेशच्या गालावर चापट मारल्यासारखा हात ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी ओट्यावर येऊन उभी राहिले. भूपेश मागोमाग आला. इमारतींच्या मधल्या फटीतून खाडीवरचा वारा येत होता.

“तुमी रडताय?” त्याने विचारलं.

“वैतागलेय.”

“माज्यावर?”

“स्वतःवर. मला वाटलं ते गाणं कुणा मुलीवर आहे. पाच आठवडे मला तसंच वाटत होतं.”

तो हसायला लागला. सुकटीवर बसलेला कावळा उडाला इतका हसला. मग हसता हसता थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला.

“म्हनजे… पोरीचं हाय असं वाटत हुतं, तरी सरांशी भांडलात? तरी ‘न्हाय’ ठेवलात?”

“हो.”

“का?”

एका मात्रेची घाई कानाने पकडणारा हा माणूस, आणि याला एवढं ऐकू येत नव्हतं. माझा सगळा धीर संपला.

“कारण तुम्हाला ते तसंच हवं होतं,” मी म्हटलं. “तिची जागा मला हवी होती, तरीसुद्धा. आता यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही.”

तो बोटातली अंगठी फिरवत राहिला. गल्लीतून एक स्कूटर गेली, समोरच्या इमारतीतून कुणीतरी कुणाला तरी गुजरातीत हाक मारली. मी चपला शोधायला लागले.

“ती जागा मोकली न्हाय,” तो म्हणाला.

एक चप्पल पायात, एक हातात, अशी मी उभी राहिले.

“तूच हायस तिथं,” तो म्हणाला. “पयल्या फायलीपास्नं.”

मी त्याला सांगितलं, की हे वाक्य आधी बोलता आलं असतं, माझे चार डबे गार झाले नसते. तो म्हणाला, बोलायलाच यायचो दर वेळी, पन तू कामात असायचीस. मग त्याने माझ्या हातातली चप्पल घेतली, खाली ठेवली, आणि चटका बसलेलं माझं बोट बघून त्यावर हळूच फुंकर मारली. आतून जिजाबाईंनी चहा झाल्याचं सांगितलं.

“चल,” तो म्हणाला.

मी पायातली चप्पलही काढली आणि वाद न घालता आत गेले.